फॅशन, वन्यजीव आणि कॉम्प्युटर यांच्याबद्दलच्या फारशा माहीत नसलेल्या रंजक गोष्टी कोणत्या?

तुम्ही तीन वेगळे विषय म्हणून विचारलंय, म्हणजे कपड्यांमधलं एक, प्राण्यांमधलं एक, कॉम्प्युटरमधलं एक असं. पण मला यातल्या ज्या गोष्टी मनापासून आवडतात त्या नेमक्या अशा आहेत की एकीत दुसरी अडकलेली असते, म्हणून त्याच सांगते. हार्वर्डच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सापडलेल्या पतंग किड्याची (‘बग’ हा शब्द ज्याच्याशी जोडतात ती) गोष्ट नेटवर हजारदा सांगून झालीये, ती सोडून देते.

सुरुवात आमच्या यवतमाळपासून. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ नावाची वाघीण होती, बाहेरच्या लोकांना ती अवनी म्हणून माहितीये. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. ऐन कापूस वेचणीचे दिवस, आणि बायका शेतात जायला घाबरायच्या, गेल्या तर घोळक्याने जायच्या आणि उजेड असतानाच परत फिरायच्या. तिला शोधायला वनविभागाने हत्ती आणले, कुत्री आणली, सगळीकडे कॅमेरे लावले, आणि त्यातच एक उपाय होता परफ्युमचा. कॅल्विन क्लाइनचा ऑब्सेशन फॉर मेन, म्हणजे मॉलमध्ये काचेच्या कपाटात असतो तोच.

हे कुणाच्या डोक्यातून आलं तर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमधून. तिथे २००३ मध्ये दोन चित्त्यांसमोर २४ वेगवेगळी अत्तरं फवारून बघितली होती, कुठल्या वासापाशी ते किती वेळ थांबतात ते मोजायला. एस्टी लॉडरच्या ब्युटिफुलपाशी जेमतेम २ सेकंद, रेव्हलॉनच्या चार्लीपाशी साडेपंधरा सेकंद, आणि ऑब्सेशनपाशी सरासरी ११ मिनिटं! चित्ते झाडाच्या बुंध्याला अंग घासत बसायचे. मग ग्वाटेमालाच्या जंगलात जॅग्वारवर काम करणाऱ्या लोकांनी तोच परफ्युम कॅमेरा ट्रॅपसमोर, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यासमोर, मारायला सुरुवात केली, कारण एरवी जॅग्वार कॅमेऱ्यासमोरून सरळ निघून जातो आणि एखादा अर्धवट फोटो मिळतो, वास घेत थांबला तर अंगावरचे ठिपके नीट येतात.

आता या परफ्युममध्ये सिव्हेटोन नावाचं एक रसायन आहे. ते मुळात जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून यायचं. जवादी शतकानुशतकं अत्तरात वापरली गेलीये, त्यासाठी इथिओपियात ही जनावरं पिंजऱ्यात ठेवून त्यांच्या ग्रंथी खरवडायचे. लिओपोल्ड रुझिच्का नावाच्या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात या रेणूची रचना उलगडली, पुढे १९३९ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं, आणि आता हा वास कारखान्यात बनतो. म्हणजे बघा, एका जंगली जनावराचा वास माणसाने स्वतःच्या अंगाला लावायला उचलला, लॅबमध्ये बनवला, बाटलीत भरून विकला आणि शेवटी तीच बाटली दुसऱ्या जंगली जनावराला शोधायला जंगलात परत आली. अवनी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागून मेली. त्या गावांमधल्या लोकांनी काय सोसलं ते मला माहितीये आणि तरीही तिच्या दोन बछड्यांचा विचार केला की आजही वाईट वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कॅमेरा ट्रॅपचा विषय निघालाय तर वाघाच्या पट्ट्यांबद्दल सांगायलाच पाहिजे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेसुद्धा वेगळे असतात हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणूनच जंगलात कॅमेरे जोडीने लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, नाहीतर डावीकडून काढलेला एक आणि उजवीकडून काढलेला एक असे दोन फोटो म्हणजे दोन वाघ असं धरलं जाईल. पूर्वी आपल्याकडे पावलांच्या ठशांवरून गणना व्हायची, काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा आणि मग अनुभवी माणसाने सांगायचं की हा अमुक वाघ. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचं कळलं तेव्हा या पद्धतीवरचा विश्वास पुरता उडाला.

सरिस्काचे वाघ गेले कुठे? शिकाऱ्यांनी मारले, आणि त्या काळात कातड्यांना सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं तिबेटमध्ये. तिथे चुबा म्हणून पारंपरिक झगा असतो, त्याला सणासुदीला वाघाच्या, बिबट्याच्या, पाणमांजराच्या कातड्याची रुंद पट्टी लावायची फॅशन आली होती, जितकी रुंद पट्टी तितकी श्रीमंती. जानेवारी २००६ मध्ये अमरावतीला, आपली नाही, आंध्रातली, कालचक्र हा बौद्ध सोहळा होता, तिथे दलाई लामांनी लोकांना सांगितलं की हे घालणं बंद करा. त्यानंतर काही आठवड्यांत तिबेटमध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन आपापली महागडी कातडी जाळली. सरकारी बंदी कित्येक वर्षं होतीच, तिने जे झालं नाही ते एका माणसाच्या शब्दाने झालं. मला वन्यजीव संरक्षणातली ही सगळ्यात मोठी घटना वाटते आणि आपल्या बातम्यांमध्ये तिला हवी तशी जागा मिळालीच नाही.

आणि यात कॉम्प्युटर कुठे आला? २००९ मध्ये लेक्स हिबी, उल्हास कारंथ वगैरे संशोधकांनी पट्टे जुळवणारं एक सॉफ्टवेअर जाहीर केलं. अडचण अशी असते की वाघ काही पासपोर्ट फोटोसारखा उभा राहत नाही, कधी वाकलेला, कधी वळलेला, त्यामुळे पट्टे ताणले किंवा आक्रसले जातात. म्हणून हे सॉफ्टवेअर आधी वाघाच्या शरीराचं थ्रीडी मॉडेल त्या फोटोवर बसवतं, पट्ट्यांचा नकाशा सपाट करून घेतं आणि मग आधीच्या फोटोंशी ताडून बघतं. तेव्हाच त्यांनी लिहिलं होतं की हेच जप्त केलेल्या कातड्याला लावलं तर तो वाघ कुठल्या जंगलातला होता ते शोधता येईल. कातडं सोलून हजार किलोमीटर लांब नेलं तरी पट्टे तेच राहतात ना! जिवंतपणी कुठेतरी फोटो निघालेला असला की गाठ लागली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते, जवळपास साडेतीन कोटी फोटो आले, त्यातल्या ७६,६५१ फोटोंत वाघ होते, आणि त्यातून बछडे सोडून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. गिनीज बुकात नोंद झाली त्याची. साडेतीन कोटी फोटो माणसं डोळ्यांनी चाळत बसली असती तर पुढची गणना आली असती तरी आधीची संपली नसती.

असंच एक छोटंसं, व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके ओळखायला जी पद्धत वापरतात ती मुळात खगोलशास्त्रज्ञांची आहे, आकाशाच्या दोन फोटोंमधले तारे एकमेकांशी जुळवण्यासाठी केलेली. ताऱ्यांचे त्रिकोण करून जुळवायचे तसे ठिपक्यांचे त्रिकोण. बास, इतकंच, पण मला हे फार म्हणजे फार सुंदर वाटतं.

फॅशनने जनावरांचं केलेलं नुकसान म्हटलं की आपल्याला कातडी आणि हस्तिदंत आठवतात, बगळा कुणाला आठवत नाही. १९ व्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची इतकी लाट होती की फ्रँक चॅपमन नावाचा पक्षीअभ्यासक १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून टोप्या मोजत बसला, ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसं, आणि तब्बल ४० जातींच्या पक्ष्यांची. नुसती पिसं नाही, काही टोप्यांवर अख्खे पेंढा भरलेले पक्षी. सगळ्यात जास्त मागणी होती बगळ्यांच्या त्या नाजूक, जाळीदार पिसांना, ती वजनाला सोन्यापेक्षा महाग विकली जायची. आणि ती पिसं बगळ्याला फक्त विणीच्या हंगामात येतात. म्हणजे शिकारी जायचा तो घरट्यांच्या वसाहतीतच, मोठे पक्षी मारायचा आणि पिल्लं उपाशी मरायची, एका पिसापायी दोन पिढ्या एकदम. पावसाळ्यात गावाबाहेरच्या झाडांवर बगळ्यांची वसाहत बघितली असेल तर पाठीवरून झिरमिळ्यांसारखी लोंबणारी ती पिसं तुम्ही बघितलेली आहेत.

हे थांबवलं ते मुख्यतः बायकांनीच. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसनने १८८९ मध्ये, आणि बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघी कझिन्सनी १८९६ मध्ये. या दोघींनी काय केलं तर ओळखीपाळखीच्या श्रीमंत बायकांना चहाला बोलवायचं आणि समजावून सांगायचं की पिसांची टोपी घालणं सोडा. त्यातून उभी राहिलेली ऑड्युबॉन सोसायटी आजही आहे, इंग्लंडमध्ये एमिलीच्या कामातून उभी राहिलेली आरएसपीबी ही पक्षीसंरक्षण संस्था तर जगातल्या मोठ्या पक्षी संस्थांपैकी एक आहे. आपल्याकडून पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली. फ्लोरिडात मात्र गाय ब्रॅडली नावाच्या पक्षीरक्षकाला १९०५ मध्ये पिसांसाठी पक्षी मारणाऱ्या एका शिकाऱ्याने गोळी घालून मारलं. टोपीच्या तुऱ्यासाठी माणसाचा जीव.

आता कॉम्प्युटरकडे येते, मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. कॉम्प्युटरचं कूळ शोधत मागे गेलं की आपण मागावर पोचतो, विणकराच्या मागावर. १८०० च्या सुमारास फ्रान्समधल्या लियॉनच्या जोसेफ मारी जकार्डने असा माग केला ज्यात नक्षी पुठ्ठ्यांवरच्या भोकांमध्ये असायची. भोक असेल तिथे ताण्याचा दोरा वर उचलला जायचा, नसेल तिथे खाली राहायचा, पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलली. जकार्डचंच एक रेशमी चित्र असं विणलं गेलं होतं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले, आणि त्याची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या घरी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती दाखवायचा. त्याने ठरवलेल्या मोठ्या गणनयंत्रातही हेच पुठ्ठे होते. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्रावर टिपणं लिहिली त्यात तिने म्हटलंय की जकार्डचा माग जसा फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल.

आणि एडा कोणाची मुलगी? कवी लॉर्ड बायरनची. इंग्लंडमध्ये नवीन यंत्रांमुळे पोटावर पाय आलेले विणकर यंत्रं फोडत होते, सरकारने त्यासाठी फाशीचा कायदा आणला, तेव्हा फेब्रुवारी १८१२ मध्ये बायरन संसदेत विणकरांच्या बाजूने बोलला होता. बापाने यंत्रामुळे उपाशी राहिलेल्यांची बाजू घेतली आणि मुलीने यंत्रात काय ताकद आहे ते ओळखलं, मला दोघंही बरोबर वाटतात. एडा काही महिन्यांची असतानाच तो देश सोडून गेला, पुन्हा भेट नाही.

ते पुठ्ठे पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलरिथने वापरले, १९२८ मध्ये आयबीएमने ८० कॉलमचं कार्ड काढलं, मग स्क्रीन आले तेही ८० अक्षरं रुंद, आणि आजसुद्धा आम्ही कोड लिहिताना ओळ ८० च्या आत ठेवा म्हणून नव्या पोरांना सांगतो, का ते सांगणारा एखादाच असतो.

याहून भारी म्हणजे चंद्रावर माणूस उतरला त्या अपोलोच्या कॉम्प्युटरची मेमरी खरोखर हाताने विणलेली होती. तार छोट्याशा चुंबकी कड्याच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०, असं करत अख्खा प्रोग्राम, सगळा मिळून साधारण ७२ केबी. हे काम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायका करायच्या, त्यातल्या बऱ्याच कापड गिरण्यांतून आणि घड्याळांच्या कारखान्यातून आलेल्या. विणायला कित्येक आठवडे लागायचे म्हणून प्रोग्राम खूप आधी पक्का करावा लागायचा, एकदा विणलं की बदल नाही. आणि अंतराळवीरांचे सूट शिवले ते प्लेटेक्स या ब्रा बनवणाऱ्या कंपनीच्याच एका विभागातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी, २१ थरांचे, टाका एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतकाही इकडेतिकडे चालायचा नाही. त्या मोहिमेचे रॉकेटवाले सगळ्यांना पाठ असतात, या बायकांची नावं कुठे छापून येत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

हा जकार्ड आपल्या येवल्यातही आहे बरं का. तिथे काही पैठणीच्या मागांवर वर मान केली की भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांची माळ लटकलेली दिसते, म्हणजे १८०० च्या आसपासचा प्रोग्राम अजून चालू आहे. पण अस्सल जुन्या पद्धतीच्या पैठणीत काठ-पदराचे मोर, कमळं, मुनिया हे विणकर एकेका रंगाचा दोरा हाताने अडकवत काढतो, पुठ्ठा नाही, नक्षी त्याच्या डोक्यात आणि बोटांत, म्हणून महिनेच्या महिने लागतात आणि किंमतही तशी असते. दुकानात फरक ओळखायचा असेल तर पदर उलटा करून बघा. हातविणीचा असेल तर उलटी बाजू जवळजवळ सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते, जकार्डचा असेल तर मागे मोकळे दोरे किंवा ते कापल्याच्या खुणा दिसतील. जकार्डची वाईट असं मुळीच नाही, बजेटप्रमाणे घ्या, फक्त हातविणीचे पैसे देऊन जकार्ड घरी आणू नका.