जामीन ठाण्यातच मिळतो, सोमवारपर्यंत थांबू नका

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुण्यात टेम्पो चालवतो. शनिवारी संध्याकाळी त्याची दुचाकीला धडक बसली, दुचाकीवाल्याचा पाय मोडला. भावाला अटक करून ठाण्यात ठेवलंय. 'पुण्यातला जामीनदार आणा, नाहीतर सोमवारी कोर्टात बघू' असं सांगतात. आम्ही सातारा जिल्ह्यातले. माझ्या नावावर शेती आहे, ती चालेल का?

उत्तर : चालेल. पण आधी एफआयआरमधली कलमं बघा, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती जबर दुखापत. अशा अपघाताला भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५(ब) ही कलमं लागतात. १२५(ब)ला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी दोन्ही जामीनपात्र आहेत. भाऊ प्यायलेला होता वगैरे कारणाने ११० (सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न) जोडलं असेल तर गोष्ट वेगळी. ते अजामीनपात्र आहे, तिथे कोर्टातच अर्ज करावा लागेल.

फक्त जामीनपात्र कलमं असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७८ लागू होतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४३६). आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने त्याला सोडायलाच हवं. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, आणि तो अटकेच्या वेळीच आरोपीला सांगणं कलम ४७ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. 'जखमीशी मिटवून या, मग सोडतो' याचा जामिनाशी काही संबंध नाही. आणि सोमवारचं म्हणाल, तर अटकेपासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ वगळून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. रविवारीही सुट्टीचं कोर्ट असतं.

'स्थानिक जामीनदार' ही अडचण जुनीच आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचा जामीनदार त्याचा भाऊ होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली. तुमचंच प्रकरण जणू.

सोबत आधार कार्ड, ताजा सातबारा आणि ८अ चा उतारा, दोन फोटो घ्या. सातबारा तुमच्या नावचाच हवा. वडिलांच्या नावावर असेल आणि फेरफार झाला नसेल तर तिथेच अडतं. मग वडिलांनाच जामीनदार म्हणून न्या. तुम्ही आधी आणखी कुणाला जामीन राहिला आहात का, किती जणांना, हे लिहून द्यावं लागतं. ते खरंच लिहा.

जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी रक्कम अंकी व अक्षरी भरलेली आहे का आणि भावाने कुठे, कधी हजर राहायचं ते पाहा. कोऱ्या कागदावर सही नको. भाऊ तारखेला गैरहजर राहिला तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, म्हणून तारखा तुम्हीही टिपून ठेवा.

जामीनदार मान्यच होत नसेल तर रोख रक्कम भरू देण्याची विनंती करता येते (कलम ४९०), पावती मात्र मागून घ्या. ऐपतच नसेल तर जामीनदाराविना जातमुचलक्यावर (आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर) सोडावं लागतं. अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असंच कायदा धरतो. जामीन देण्याची फी नसते. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आहे.

एवढं करूनही नकार मिळाला तर साध्या कागदावर 'कलम ४७८ प्रमाणे जामीन द्यायला तयार आहोत' असा अर्ज लिहा, वेळ घाला, आवक शिक्का घ्या आणि वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटा. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज ठाण्याच्या ईमेलवर टाका. मॅजिस्ट्रेटसमोर हा कागद उपयोगी पडतो. वकील नसेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.

टेम्पो सोडवण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्यासाठी आरसी आणि विम्याचे कागद शोधून ठेवा. विमा संपलेला असेल तर तिथे खरी डोकेदुखी सुरू होईल.