शेजारच्या शेवग्यावरचे सुरवंट आणि दिरांचा टेंभा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. रो-हाऊस आहे, शेजारच्या काकांचा शेवगा निम्मा यांच्या अंगणात वाकलाय आणि पावसाळा लागला की खोडावर केसाळ सुरवंटांचे गठ्ठेच्या गठ्ठे बसतात. तिथून ते वाळत घातलेल्या कपड्यांवर येतात, धाकट्या मुलीच्या मानेवर एवढं पुरळ उठलं की दवाखान्यात न्यावं लागलं. दोन वर्षं तोंडी सांगून झालं, काका म्हणतात निसर्ग आहे त्याला मी काय करू. शेवटी मागच्या आठवड्यात दिरांनी भिंतीवर चढून काठीला फडकं बांधून रॉकेलचा टेंभा केला आणि खोडावर फिरवला. आता साल करपलीय, आणि काका महापालिकेत आणि पोलिसात दोन्हीकडे जातो म्हणतायत. चूक कोणाची आणि पुढे काय?

ताई, राग येईल पण आधी तुमचंच सांगतो, कारण काकांपेक्षा तुमची बाजू आत्ता जास्त लंगडी आहे. महाराष्ट्रात शहरांसाठी 1975 चा झाडं तोडण्याबद्दलचा आणि जतनाचा कायदा आहे, त्यात "झाड तोडणे" याची व्याख्या कुऱ्हाडीपुरती नाहीये, जाळणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यात येतं. आणि झाड म्हणजे वड-पिंपळच असंही नाही, लाकडी खोडाचं बारमाही काहीही, रोपटं असो की झुडूप. म्हणजे शेवगाच तर आहे, असं महापालिकेच्या उद्यान विभागात जाऊन म्हणू नका. दंडाबरोबर कैदेची पण तरतूद आहे. शिवाय पोलिसांनी मनावर घेतलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 (आगीबाबत निष्काळजीपणा) आणि 324 (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान) लावता येतं. दिरांचं वाईटही वाटतं, कारण शेतावर पूर्वीपासून असाच टेंभा फिरवतात, पण शेतकरी स्वतःच्या झाडावर फिरवतो ना. आणि जाळल्यावर सुरवंटांचे केस हवेत उडतात ते वेगळंच.

यातून घाबरून जाऊ नका. एका करपलेल्या सालीसाठी कोणी लगेच आत टाकत नाही. पण दोन गोष्टी करू नका, एक म्हणजे फटाक्याने झालं वगैरे गोष्ट रचू नका, समोरच्या घरावर कॅमेरा असतोच हल्ली. दुसरं, व्हॉट्सअॅपवर काकांशी भांडू नका, तिथे लिहिलेलं प्रत्येक वाक्य उद्या प्रिंट काढून समोर येतं. नोटीस आली तर तारखेला जा, वकिलाकडून लेखी उत्तर द्या, खरं काय घडलं ते आणि मुलीचे कागद सोबत. नुकसानीचं कलम बऱ्याचदा आपसात मिटवता येतं, झाडांच्या कायद्याचं मात्र महापालिकेच्या हातात असतं, म्हणून काका तिथे जायच्या आधीच त्यांना भेटा. दिरांना घेऊन जा, झालेल्या खर्चाचं बोला.

आता काकांचं. सुरवंट येणं हा त्यांचा गुन्हा नाही, इथे ते बरोबर आहेत. नैसर्गिक गोष्टीला मालक आपोआप जबाबदार होत नाही. पण आपल्या जागेतल्या गोष्टीने शेजाऱ्याला त्रास होतोय हे कळल्यावर, आणि थोडक्या खर्चात थांबवता येत असताना, हातावर हात ठेवून बसणं हा उपद्रव होऊ शकतो. सगळी गोम "कळल्यावर" मध्ये आहे. तुम्ही दोन वर्षं सांगितलंत ते सगळं तोंडी, कोर्टात काका म्हणतील मला कोणी बोललंच नाही, संपला विषय.

म्हणून एक पानाचं पत्र, मराठीत, सभ्य भाषेत. झाड कुठे, फांद्या किती आत आल्या, त्रास कधीपासून, मुलीला कुठल्या तारखेला दवाखान्यात नेलं, आणि पंधरा दिवसांत बंदोबस्त करा. स्पीड पोस्टने पाठवा, रजिस्टर पोस्ट आता त्यातच मर्ज झालंय. पोचपावती जपून ठेवा. डॉक्टरांना केसपेपरवर सुरवंटाच्या संपर्काने पुरळ असं स्पष्ट लिहायला सांगा, नुसतं "अॅलर्जी" लिहिलं तर उपयोग शून्य. फोटो तारखेसह काढा, आणि खोडावरच्या गठ्ठ्याचा फोटो दिवसाच घ्या, तेव्हा सुरवंट एकत्र बसलेले असतात, खायला रात्री पांगतात.

फांद्या तुम्ही कापू शकता का? जुना नियम आहे, 1894 ला इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने लेमन विरुद्ध वेब खटल्यात मान्य केलेला, की हद्दीत आलेली फांदी हद्दीपुरती कापता येते, शेजाऱ्याच्या जागेत पाय न टाकता. पण आपल्या शहरात त्याच्या डोक्यावर 1975 चा कायदा बसलाय, छाटणीला पण परवानगी लागते, तेव्हा हक्क आहे म्हणून कोयता काढू नका, उद्यान विभागात अर्ज करा. काकांची सही मिळाली तर सगळ्यात सोपं. झाड रोगट असेल किंवा जिवाला धोका असेल तर परवानगी देताना ते बघितलं जातं, म्हणून केसपेपर अर्जाला जोडा. आणि कापलेल्या फांदीच्या शेंगा काकांच्याच बरं का, आमटीत टाकून मोकळ्या होऊ नका.

तरीही काका हललेच नाहीत तर दिवाणी कोर्टात मनाईहुकूम, विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम 38 आणि 39. पण खरं सांगू, शेवग्यासाठी दावा लावून वर्षानुवर्षं तारखा घेणं मी कोणालाच सुचवणार नाही. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्याच आवारात ऑफिस असतं. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, आणि दावा लावायच्या आधीच लोकअदालतीत दोघांना बसवून मिटवता येतं. फी नाही. तिथे काका मऊ होतात, बाहेर कोणी तरी तिसरं माणूस ऐकतंय म्हटलं की होतातच.

समेटात काय मागायचं ते आधी ठरवून जा. फांद्या भिंतीपर्यंत छाटणं, आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा लांब दांड्याच्या खराट्याने गठ्ठे साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडणं, खर्च निम्मा निम्मा. शेंगा नि पाला खाण्यातला आहे, तेव्हा दुकानातून लाल त्रिकोणाची, म्हणजे जहाल विषारी कीटकनाशकाची, बाटली आणून फवारू नका, त्याने नवीनच केस उभी राहील.

आणि मुलीला परत लागलं तर चोळू नका, आधी चिकटपट्टी लावून केस ओढून काढा, मग साबणाने धुवा, डोळ्यात गेला तर लगेच डोळ्यांचा डॉक्टर. त्याचीही पावती फाईलला लावा.