हौशी फोटोग्राफरसाठी कंपन्या महागड्या धातूच्या लेन्स का काढतात?

मुख्य कारण नफा. साधे कॅमेरे मोबाइलने जवळपास संपवले. नग कमी खपतात म्हटल्यावर एकेका नगामागे जास्त पैसे मोजणारा हौशी ग्राहकच कंपनीला तारतो. त्याला शार्प फोटो तर हवाच, पण लेन्स हाताळण्याचं सुखही हवं असतं. सिग्मा या जपानी कंपनीची 2020 मध्ये आलेली 'आय सिरीज' ही लेन्सची मालिका बघा: अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, अ‍ॅपर्चर रिंग (लेन्समधून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारं कडं) फिरवताना प्रत्येक टप्प्यावर बोटांना जाणवणारा 'टक्', चुंबकाने चिकटणारं धातूचं झाकण. पेंटॅक्स या कॅमेरा ब्रँडने 1997 मध्येच '43 मिमी लिमिटेड' ही लेन्स काढून ही वाट धरली होती. नुसत्या धातूमुळे फोटो मात्र सुधारत नाही. चांगलं प्लास्टिक हलकं असतं आणि टिकतंही. तरी अशी देखणी लेन्स असली की कॅमेरा जास्त वेळा बाहेर निघतो, म्हणून मला तो खर्च पटतो.