आवेगी, उतावीळ की आततायी?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांच्या कंपवाताच्या गोळ्या बदलताना डॉक्टर म्हणाले, "आवेगी वर्तनाकडे लक्ष ठेवा." आवेगी म्हणजे उतावीळच ना? की आततायी?

आततायी आधी बाजूला ठेवू. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून अंगावर येणारा, अशांना संस्कृतात आततायी म्हणत. आजारी माणसाला हा शब्द लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरले दोन. बर्डीवर तर्री पोह्यांच्या ठेल्याशी गर्दी आहे. एक जण मागून सारखा म्हणून राहिला, "भाऊ, माही प्लेट पहिले दे ना!" तो उतावीळ. दुसरा, भलत्याच्या नावाची प्लेट पुढे आली की उचलून मोकळा होतो, तो आवेगी. उतावळ्याला वाट पाहणं जड जातं, आवेगी माणसाचा हात विचाराच्या आधी पोचतो. मेंदूचे अभ्यासकही हे दोन वेगवेगळे तपासतात: उद्याचे जास्त पैसे सोडून आजचे थोडे घेणं हे एक, आणि निघालेला हात न आवरणं हे दुसरं.

दोन्हींशी डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध आहे. त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात ते मला पटत नाही. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना रस मिळण्याची खूण एकदा कळली की डोपामीनच्या पेशी रसाला नव्हे, त्या खुणेलाच चेतत. म्हणून 'ओढ' हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो.

कंपवातात डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या त्याच्या जागी काम करतात. हालचाल सुधारते, पण काही रुग्णांत ओढ अनावर होते: जुगार, खरेदी, अवेळी खाणं. मात्र 'डोपामीन वाढलं की धीर सुटला' इतकं ते सरळ नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांना दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषध डोपामीन वाढवतं, आणि त्यांना उलट थांबणं जमू लागतं.

तेव्हा ताई, तुमच्या डॉक्टरांचा शब्द बरोबर आहे. बाबा एकाएकी लॉटरीची तिकिटं घेऊ लागले, तर 'म्हातारपणी उतावळे झाले' म्हणून सोडून देऊ नका, आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना लगेच कळवा. तिथे कुठलंच विशेषण नको. काय घेतलं, कितीचं, कधीपासून, एवढं सांगा.