'अतिक्रमणधारक' नेमकं काय धरतो?

प्रश्न असा आहे : गायरान, म्हणजे गुरांना चरायला राखलेली सरकारी जमीन, कसणाऱ्यांच्या मराठवाड्यातल्या एकाच मोर्च्याच्या दोन बातम्या, एकीत 'गायरानधारक', दुसरीत 'अतिक्रमणधारक'. बरोबर कोणता? आणि अतिक्रमण 'धारण' कसं करतात?

शंका रास्त आहे. 'धारक' लागतो तो जवळ बाळगायच्या गोष्टीला : परवानाधारक, पदवीधारक, शिधापत्रिकाधारक. अतिक्रमण ही कृती. आक्रमण करणारा तो आक्रमक, तसा हा 'अतिक्रमक' व्हायला हवा. चोराला आपण 'चोरीधारक' म्हणत नाही.

पण बीड जिल्ह्यात एका घरी हा शब्द मला अचानक पटला. आजींनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडीवर फाटत आलेली एक पावती. गायरानात पीक घेतल्याबद्दल नवऱ्याला झालेल्या दंडाची. देवाच्या फोटोसारखी जपलेली! कारण जमीन नावावर व्हायची तर आपण ती कधीपासून कसतोय हे दाखवावं लागतं, आणि तेवढं सांगणारा कागद हाच. तलाठ्याकडच्या 'गाव नमुना 1-ई' या वहीत अतिक्रमणांची नोंद असते. एरवी गुन्ह्याच्या यादीत आपलं नाव नको म्हणून माणूस धडपडतो. इथे 'एक-ईला नाव लावा' म्हणून लोक खेटे घालतात. तेव्हा व्याकरणाने चुकलेला हा शब्द व्यवहारात खरा आहे, अतिक्रमणाचा कागद धरून बसलेला माणूस.

या कागदाला मोल आलं ते सहजासहजी नाही. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मागणी साधी होती, पडीक सरकारी जमीन कसायला द्या, म्हणजे घरात दाणा येईल. पुढे 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख आंबेडकर जयंतीची, हे वेगळं सांगायला नको. सरकारी मराठीत याला 'नियमानुकूल करणे' म्हणतात आणि हुसकावण्याला 'निष्कासित करणे'. दोन्ही शब्द ज्याच्यावर चालतात त्याला उच्चारताही येऊ नयेत, असेच घडवलेत की काय, असं मला नेहमी वाटतं. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा लढा पुढे नेला. 'गायरानधारक' मी ऐकला तो या कार्यकर्त्यांच्या तोंडी. त्यात गुन्हा गळतो आणि जमीन उरते.

व्युत्पत्तीत शिरलो तर 'अतिक्रमण'मधला 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. हद्दीपलीकडे पडलेलं पाऊल ते अतिक्रमण. पराक्रम, विक्रम याच घरातले. तीन पावलांत बळीचं सगळं राज्य घेणारा वामन 'त्रिविक्रम' ठरला. दोन एकर कसणाऱ्याच्या वाट्याला त्याच धातूला लागलेला 'अति' हा उपसर्ग आला.

तेव्हा बातमीत काय लिहावं? तहसीलदाराच्या नोटिशीबद्दल असेल तर 'अतिक्रमणधारक' अवतरणात, कारण तो नोटिशीचा शब्द आहे. वार्ताहराच्या स्वतःच्या वाक्यात 'गायरानधारक' किंवा सरळ 'गायरान कसणारे'. 'धारक' लिहिल्याने मालकी मिळते, असा आक्षेप कुणी घेईल. सातबारा काढून बघा, तिथे नाव बहुधा शासनाचंच सापडेल. 'कसणारे'वर तर तोही आक्षेप चालत नाही.

'गायरान'बद्दलही थोडं. कागदोपत्री 'गुरचरण', विदर्भात 'ई-क्लास'. गाय आणि रान, गुरांना चरायला राखलेलं. म्हणून गावातले गुरंवाले आणि कसणारे यांच्यात वाद होतात, आणि चराई कुठे करायची हा त्यांचा प्रश्न खोटा नसतो. मात्र 'रान' शब्दाची गंमत बघा. शहरात रान म्हणजे जंगल, झाडझाडोरा. मराठवाड्यात रान म्हणजे शेत : रान नांगरलं, रानात बाया लावल्या, काळं रान. त्या आजींनी पावती पुन्हा पिशवीत घातली, पेटीला कडी लावली आणि खुरपं घेऊन उठल्या. ''बसा तुम्ही, मी रानात जाऊन येते.''