ज्याचं दुखणं, त्याचं उत्तर

बाळा,

तुझं पत्र वाचलं. पोटाच्या ऑपरेशननंतर दादा हॉस्पिटलमध्ये झोपेत कण्हत होता म्हणून आईने पेनकिलरच्या पंपाचं बटण दाबलं, आणि आता सिस्टरला सांगावं की गप्प बसावं, हे तुला कळेना. यात न कळण्यासारखं काय आहे? पत्र खाली ठेव, सिस्टरला सांगून ये, मग पुढचं वाच.

आलास? आता ऐक. त्या पंपात मॉर्फिनच्या जातीचं औषध असतं; दुखलं की पेशंटने स्वतः बटण दाबायचं, मग एक डोस सुटतो. ते दुखणं कमी करतं, तसाच श्वासही मंद करतं. एका डोसनंतर ठरावीक वेळ दुसरा सुटत नाही, तेवढी सोय मशीनमध्ये असते. पण खरी राखण पेशंटची गुंगीच करते. औषध पुरेसं झालं की माणूस पेंगतो, आणि पेंगलेला माणूस बटण दाबत नाही. दुसऱ्या कुणी दाबलं की ती राखण गेली. म्हणून तो कितीही कण्हला तरी बटण त्याच्याच अंगठ्याने दाबायचं. आईने नाही, तूही नाही.

"आई मायेने करते," असं तू पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. मायेवर शंका घेतंय कोण? मीही आई आहे. माझ्या मुलीच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा ती नोकरी करणारी, स्वतःचं घर चालवणारी बाई होती. छातीचं हाड कापून तारांनी बांधलेलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे: ज्याचं दुखणं, त्याचं उत्तर.

तू लिहिलेला तो सकाळचा राउंडच घे. सर्जन दादाला विचारतात, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" आणि आई सांगते, "कालपेक्षा बरं आहे, सोशिक आहे तो." दादा भिंतीकडे तोंड करतो. त्याचा आकडा सात असेल तर? मग औषध कमी पडणार. पोट दुखतं म्हणून तो वरवर श्वास घेणार, खोकला दाबणार. फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साचतो, ताप येतो, न्यूमोनियापर्यंत जातं. ते तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, खोल श्वास ओढून चेंडू वर उचलायचं खेळण्यासारखं यंत्र, शोभेला दिलेलं नाही.

"गॅस पास झाला का?" यालाही आईच "हो" म्हणाली! एवढ्या मोठ्या मुलाला ऐकताना काय वाटलं असेल ते सोड. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी काही काळ थंडावतात आणि ती जागी झाली का, हे त्या प्रश्नावरून कळतं. चुकीच्या "हो"वर खाणं सुरू झालं तर पोट फुगेल, ताज्या टाक्यांवर उलट्या होतील. उत्तर त्याचं. त्याला लाज वाटत असेल तर आईने दोन मिनिटं बाहेर जावं.

आणि "झोपू दे रे त्याला" हेही बंद करा. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जननी १९९०च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशननंतर पेशंटला लवकर उठवायला, लवकर खायला द्यायला सुरुवात केली, आणि माणसं कितीतरी आधी घरी जाऊ लागली. पडून राहिलं की पिंढरीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पण ओढून उठवायचं नाही. "आत्ता चालतोस, की औषध लागू पडल्यावर?" असं विचारा. खोकताना उशी पोटाशी धरायला द्या, दाबायची किती ते तो ठरवेल.

माझ्या मुलीचा ड्रेन, म्हणजे ऑपरेशनच्या जागचं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी, काढायचा होता तेव्हा मी दारातून विचारलं, "आत येऊ?" ती नको म्हणाली. मी बाहेर बाकावर बसले. नातेवाईक अजून बोलतात, आई असून बाहेर कशी बसली म्हणून. बोलू देत. अंगावर हॉस्पिटलचे कपडे, लघवीला नळी, झोपायची-उठायची वेळ दुसऱ्यांची. नाही म्हणणं तेवढं तिच्या हातात उरलं होतं, तेही मी काढून घ्यायचं? माझ्या वडिलांना शेवटच्या आजारपणात कुणी काही विचारलं नाही, सगळे त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत राहिले. ते मला आजही सहन होत नाही.

मात्र दादा हाक मारून जागा होत नसेल, असंबद्ध बोलत असेल, एकाएकी धाप लागली, एकच पिंढरी सुजली, तर विचारत बसू नका. बेल दाबा, ओरडा.

आईला नुसतं "मध्ये बोलू नकोस" म्हणशील तर ती मोडून पडेल. तिला काम दे. भेटायला येणाऱ्यांना दाराशी थांबवणं, दादाचे कोरडे ओठ ओले करणं, त्याला डॉक्टरांना काय विचारायचंय ते वहीत लिहून घेणं. प्रश्न लिहायचे, उत्तरं नाहीत. डिस्चार्जचा कागद दादाच्या हातात द्यायला सांग. जड कधी उचलायचं, टाके कधी काढायचे, हे त्याने स्वतः ऐकू दे.

आणि तोच "आई, आज थांब" म्हणाला, तर तिने खुशाल थांबावं. सिस्टरकडून नीट पाठ टेकेल अशी खुर्ची मागून घे, रात्रभर स्टुलावर बसवू नकोस तिला.

तुझ्या बाई