जिवाणूंमध्ये नर-मादी नसतात, मग एकाची जनुकं दुसऱ्यात जातात कशी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: नर-मादी नसताना जिवाणू जनुकांची देवाणघेवाण करतात कशी, मेलेल्या जिवाणूचा डीएनए जिवंत जिवाणू उचलतो हे खरं का, आणि अँटिबायोटिकमुळे हे वाढतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. हो, अगदी खरं आहे.

एकाचे दोन होणं आणि जनुकं घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. घेण्यात संख्या वाढत नाही. शेजाऱ्याकडचा डीएनए आत येतो, टिकला तर पुढच्या पिढ्यांना मिळतो, बस.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो. पुस्तकात याच्या तीन वाटा असतात आणि प्रत्येक वाटेला निराळा जिवाणू, त्यामुळे मुलांना वाटतं की हे ज्याचं त्याचं खास कसब. म्हणून मी कॉलऱ्याचा जिवाणू घेतो, व्हिब्रिओ कॉलरी. हा पठ्ठ्या एकटाच सगळ्या वाटा वापरतो.

पहिली वाट बाहेर पडलेला डीएनए थेट उचलण्याची. माणसाच्या आतड्यात हा जिवाणू पाहुणा. त्याचं घर खाडीच्या मचूळ पाण्यात, बारीक कवचधारी जीवांच्या अंगावर. ती कवचं कायटिन नावाच्या चिवट पदार्थाची असतात. कायटिनवर बसला की त्याची डीएनए उचलणारी जनुकं चालू होतात, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. मग तो पेशीबाहेर एक तंतू काढतो, पिलस. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी पिलस आणि डीएनए दोन्ही चमकत्या रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली चित्रणच केलं. गळ टाकावा तसा पिलस बाहेर जातो, त्याच्या टोकाला डीएनए चिकटतो, आणि तो आखडत आखडत आत ओढला जातो. दोन पदरांपैकी एकच पेशीच्या गाभ्यात पोचतो. जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतल्या एखाद्या तुकड्याशी त्याचा क्रम जुळला तर त्याची जागा घेतो, नाहीतर मोडीत निघतो.

हा डीएनए येतो कुठून? आपोआप मेलेल्या पेशींचा तर असतोच, पण हे महाशय तेवढ्यावर थांबत नाहीत. कायटिनमुळे जे बटण दाबलं जातं, त्यानेच त्यांचं एक भाल्यासारखं हत्यारही चालू होतं. शेजारचा परका जिवाणू भोसकायचा आणि सांडलेला डीएनए उचलायचा! २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या प्रयोगशाळेने हे सिद्ध केलं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे होतात. मेलेल्यांकडून गुण घेण्याची पहिली नोंद मात्र फ्रेडरिक ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाची, १९२८ ची, न्यूमोनियाच्या जिवाणूंवरची. तो प्रयोग तुमच्या पुस्तकात असेलच.

दुसरी वाट विषाणूची. कॉलऱ्यात जुलाब होतात ते ज्या विषामुळे, त्या विषाचं जनुक मुळात या जिवाणूचं नाहीच. ते जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूचं आहे, हे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलनॉस या संशोधकांनी दाखवलं. हा विषाणू पेशी फोडत नाही, तिच्या गुणसूत्रात जाऊन मुक्काम ठोकतो. काटेकोर बोलायचं तर पुस्तकातलं ‘ट्रान्सडक्शन’ हे नाही. त्यात विषाणू चुकून आधीच्या यजमानाचा डीएनए भरून नेतो. इथे तो स्वतःचंच जनुक देतो. परीक्षेत हा फरक लिहा, परीक्षक खूश होतो.

तिसरी वाट संयुग्मनाची, म्हणजे दोन जिवंत पेशी एकमेकींना चिकटून. १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याचा ओ१३९ हा नवा प्रकार दिसला आणि बंगालच्या उपसागराभोवती पसरला. त्याच्या बाहेरच्या आवरणाची जनुकंच बदललेली होती, त्यामुळे आधीच्या कॉलऱ्याची प्रतिकारशक्ती असलेली मोठी माणसंही आजारी पडली. शिवाय त्याच्यात एसएक्सटी नावाचा सुमारे एक लाख अक्षरांचा डीएनएचा तुकडा सापडला, ज्यावर सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन या चारही औषधांना दाद न देणारी जनुकं होती. हा तुकडा गुणसूत्रातून सुटतो, त्याचं वेटोळं होतं, एक पदर कापला जाऊन शेजारच्या पेशीत सरकतो, आणि दोन्हीकडे हरवलेला पदर नव्याने विणला जातो. देणाऱ्याचं काहीच जात नाही. जातीचंही बंधन नाही, आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या वेगळ्या जिवाणूतसुद्धा तो जातो.

‘अँटिबायोटिकमुळे हे वाढतं का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. बहुतेक वेळा औषध फक्त निवड करतं: प्रतिकार नसलेले मरतात, असलेल्यांना रान मोकळं. पण एसएक्सटी त्याच्याही पुढे जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकमुळे जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की पेशीत धोक्याची यंत्रणा जागी होते, एसएक्सटीला दाबून ठेवणारं प्रथिन तुटतं, आणि तो आधीपेक्षा जास्त वेगाने पसरू लागतो. हे २००४ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. गंमत म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनला विरोध करणारं जनुक त्या मूळ तुकड्यावर नव्हतंच. दिलं एक औषध, पसरला दुसऱ्याच चार औषधांचा प्रतिकार.